उघाडीवरचा वाटा

आमच्या घरात पहिला पगार आला त्या पावसाळ्यात आई जेवढी चिडली, तेवढं चिडलेलं मी तिला पुन्हा पाहिलं नाही. तसं चिडणं ही तिची रोजचीच बाब. भात करपला की चिडायची, आमची कोंबडी शेजाऱ्यांच्या पडवीत अंडं घालून आली की चिडायची. तिची मुलगी म्हणून तोंड मलाही तसंच मिळालंय, ते कळेलच. पण त्या वर्षी ती चिडली ती घरात पैसे आल्यामुळे, आणि हे वडिलांच्या डोक्यात काही केल्या शिरेना.

आमचं गाव पेणच्या खाली, धरमतरच्या खाडीला लागून. शेतं खाडीच्या पाण्यापेक्षा खोलात आणि मधे फक्त मातीचा बांध. बांधात एके ठिकाणी लाकडी फळ्यांचं दार होतं, त्याला उघाडी म्हणायचं. ओहोटीला ती उघडून शेतातलं पावसाचं पाणी बाहेर सोडायचं, भरतीला बंद करायची. मोठ्या उधाणाला बांध कुठे ना कुठे फुटायचाच. त्याला आमच्याकडे खांड पडली म्हणतात. खारं पाणी एकदा शेतात मुरलं की पुढली दोन-तीन वर्षं भाताचं नाव काढायचं नाही. म्हणून ओहोटी लागली की हाक फिरायची आणि पुढची भरती चढायच्या आत खांड बुजवायची.

बुजवायची कुणी, तर घरटी एक माणूस. सरकारचं नाव तिथे कुणी घेत नसे. प्रत्येक घरातला कर्ता पुरुष मांडीएवढ्या चिखलात रांगेत उभा राहायचा आणि चिखलाचे गोळे हातोहात पुढे सरकवायचा. बायका मागून पेंढा आणि झाडपाला आणून द्यायच्या. खांड बुजली की आत शिरलेलं पाणी उघाडीतून सोडायचं आणि तोंडाशी जाळं लावायचं. पाण्याबरोबर आत आलेलं म्हावरं त्यात अडकायचं. बोईट, कोळंबी, चिंबोऱ्या, नशीब असेल तर एखादा जिताडा. मग बांधाचे कारभारी, म्हणजे गावातला एक वाळका, कडक माणूस, बांधावर ओळीनं वाटे घालायचे. जितकी घरं चिखलात, तितके वाटे. ते घराची खूण सांगून हाक मारायचे, वडाखालचं घर, उतारावरचं घर, विहिरीजवळचं घर. हाक आली की त्या घराच्या माणसानं 'हाय' म्हणायचं आणि आपला वाटा उचलायचा.

विहिरीजवळचं घर आमचं. लग्न होऊन आली तेव्हा आईला गावात कुणी ओळखत नव्हतं. पहिल्याच पावसाळ्यात खांड पडली आणि कारभाऱ्यांनी बांधावरून विहिरीजवळच्या घराला हाक मारली, तेव्हा आपण या गावच्या झालो, असं ती सांगायची. हे ती इतक्या वेळा सांगायची, की आम्ही भावंडं तिच्या आधीच वाक्य पुरं करायचो आणि धपाटा खायचो.

मी पाचवी-सहावीत असेन. रोह्याला कंपन्या उभ्या राहत होत्या आणि गावोगावचे लोक तिकडे धावत होते. आमच्या गावातून पहिले गेले ते माझे वडील. कुणाच्या तरी ओळखीनं लागले, आधी रोजंदारीवर, मग कायम. रोज जाऊन-येऊन शिफ्ट जमणं शक्य नव्हतं, म्हणून रोह्यात तिघाचौघांत मिळून खोली घेतली. सुट्टीच्या दिवशी एसटीनं पेणला यायचे आणि तिथून गावात. पगार झाला की पिशवीतून आधी बिस्किटांचा पुडा निघायचा आणि मग पैसे. ते पैसे ते आईच्या हातात न देता देवापुढे ठेवायचे. आई देवाला हात जोडायची आणि लगेच उचलायची. देवाला फार वेळ मिळायचा नाही.

त्याच श्रावणात खांड पडली. वडील शिफ्टला. आईनं काही घाबरून-बिबरून न जाता डोंगराकडच्या गावातला एक गडी मजुरीनं लावला आणि वडिलांच्या जागी रांगेत उभा केला. सल्ला वडिलांचाच होता. "खाडा केला तर पगार कापतात. त्यापेक्षा माणूस लावा. फिटंफाट." गडी चांगला राबला. खांड बुजली, पाणी सोडलं, वाटे पडले. मी आणि आई टोपली घेऊन उभ्याच होतो.

कारभाऱ्यांनी हाक दिली, "विहिरीजवळचं घर!"

आई म्हणाली, "हाय."

कारभाऱ्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. गड्याला म्हणाले, "उचल रं तुझा."

"मामा," आईनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला, पण आवाज काही खाली आणला नाही. "मजुरी आमी दिलीय त्याला. वाटा आमचा हाय."

"मजुरी दिलीस तं दिलीस. त्ये तुझं नि त्याचं. चिखलात पाय कुनाचं व्हतं?"

गडी बिचारा अवघडला. त्यानं आपणहून सगळं म्हावरं आईपुढे धरलं. "घे गो ताय, मला एवढा काय करायचाय." आईनं हात मागे घेतला. दिलेलं घेतलं असतं तर ती भीक झाली असती, निदान तिच्या हिशेबी. गड्यानं वाटा उपरण्यात बांधला आणि तो डोंगराकडे निघून गेला. आम्ही रिकामी टोपली घेऊन घरी आलो. त्या रात्री घरात डाळ होती, भात होता, पापड होता, आणि भांडी आपटल्याचा आवाज होता.

वडील सुट्टीवर आले तेव्हा हा विषय निघाला. त्यांना आधी हसूच आलं. आईसमोर हसणं ही त्यांची जन्मभराची खोड, आणि दर वेळी महागात पडायची. "अगं, चार बोईटांसाठी एवढा तमाशा? पेणच्या बाजारात म्हावऱ्याला तोटा हाय काय?" आणि खरोखरच पुढच्या पगाराला त्यांनी पेणहून जिताडा आणला. असा मोठा, की शेपटी पिशवीबाहेर. गावातून मुद्दाम वेशीकडच्या रस्त्यानं आणला, म्हणजे चार लोकांनी बघावा. आईपुढे ठेवला. "घ्या तुमचा वाटा."

आईनं कल्ला उचलून पाहिला. "बरा हाय," म्हणाली. "कालचा हाय."

तरी कालवण झकास केलं. मी दोनदा भात घेतला. खोटं कशाला सांगू, उघाडीवरच्या वाट्यात असा जिताडा आमच्या नशिबी कधी आला नव्हता. आई जेवली, भांडी घासली आणि मग चुलीपाशी बसून रडली. तिचं रडणं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. वडील तिच्याकडे बघत राहिले. नवऱ्यानं आणलेला एवढा मासा खाऊन बाई रडते कशी, हे त्या माणसाला कळत नव्हतं. मलाही तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, काटा लागला.

पुढच्या पावसाळ्यात खांड पडली तेव्हा आईनं गडी लावला नाही. लुगडं वर खोचलं आणि स्वतःच पुरुषांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. वरच्या अंगाला वडाखालच्या घरातला, खालच्या अंगाला उतारावरचा. दोघंही नजर चुकवायला लागले. कारभारी बांधावरून ओरडले, "बाय गो, मागं हो. रांगेत पुरुष मानूस लागतो."

"आमच्या घरात सध्या मीच पुरुष मानूस हाय," आई म्हणाली. "गोळा द्या हिकडं."

रांगेत हशा पिकला. भरती काही वाट बघत नसते, तेव्हा वाद घालायला कुणाला सवड नव्हती. गोळे सरकायला लागले. ती दमली, घसरली, एकदा पार तोंडावर पडली. कुणी हसलं नाही, कारण तोपर्यंत सगळेच तसे दिसत होते. संध्याकाळी वाटे पडले. हाक आली, "विहिरीजवळचं घर!" आणि कारभाऱ्यांनी हाताशी असलेलं एक चिंबोरं तिच्या वाट्यावर जास्तीचं टाकलं. आई घरी आली ती डोक्यापासून पायापर्यंत चिखल आणि दात तेवढे पांढरे. वाट्यात होती मूठभर कोळंबी, दोन बोईट आणि ते चिंबोरं. तिनं ते इतक्या थाटात रांधलं, की घरात लग्न आहे असं वाटावं.

गावात गोष्ट राहते थोडीच. पेणच्या एसटी स्टँडवरच वडिलांना कुणीतरी सांगितलं. ते आले ते तडक ओसरीवर उभे राहून बोलायला लागले. त्यांचा चढलेला आवाज मी तेव्हाच ऐकला. "मी तिकडं त्या वासात, वाफंत उभा राहतो तो कशापायी? पगारवाल्याची बायको चिखलात लोळते म्हणून लोकांनी बोटं दाखवावी, यापायी? काय कमी हाय तुला?"

"काय कमी नाय," आई म्हणाली.

"मंग?"

"मंग काय नाय."

माझ्या वडिलांची बाजू घ्यायची तर मी आजही घेईन. पगारानं आमचं भलं झालं. गवताचं छप्पर जाऊन कौलं आली. धाकट्याला न्यूमोनिया झाला तेव्हा त्याला पेणला डॉक्टरकडे नेलं आणि तो जगला. कौलं येण्याआधीच्या साली झाला असता तर अंगारा लावून बसलो असतो. मी मॅट्रिक झाले, डी.एड. झाले, मास्तरीण झाले, ते त्याच पैशावर. आता सगळं सोयीचं झाल्यावर जे लोक 'पूर्वी कसं सुख होतं' म्हणून उसासे टाकतात ना, त्यांना माझ्या आजोळी तेव्हाचा एक आषाढ काढायला पाठवावं. उकडलेला अंबाडीचा पाला आणि पेज. दोन दिवसांत उसासे बंद होतील.

पण वडिलांचंही एक सांगायला हवं. सुट्टीत मी एकदा रोह्याला त्यांच्या खोलीवर राहिले होते. कुंडलिकेच्या काठानं ते मला बाजारात घेऊन गेले, गरम भजी खाऊ घातली, नवं दप्तर घेतलं. वाटेत कंपनीतले दोघं-तिघं भेटले. बोलणं सगळं शिफ्टचं आणि ओव्हरटाइमचं. कुणी विचारलं नाही, ही कोण, कितवीत आहे. गावात असतो तर चार पावलांत आठ जणांनी थांबवलं असतं, आणि वडील वैतागले असते. परत येताना ते म्हणाले, "हितं बरं हाय. कुनी कुनाच्या भानगडीत नाय." थोडं चालल्यावर पुन्हा म्हणाले, "बरं हाय हितं." मला काही त्यांनी दुसऱ्यांदा ते का म्हटलं ते कळलं नाही. दप्तराच्या नव्या वासात मी दंग होते.

वडिलांचं बघून वडाखालच्या घरातला गेला, मग उतारावरचे दोघं भाऊ. कुणी रोह्याला, कुणी खाडीवरच्या जेट्टीवर, कुणी नागोठण्याकडे. खांड पडली की त्यांच्या घरून गडी यायचा. पुढे गड्यांची मजुरी वाढली, तशी घरांनी आपापसात ठरवलं, की वेगवेगळे गडी कशाला, वर्गणी काढू आणि मुकादमाला ठेका देऊ. वर्गणी वेळेवर जमायची. खरं सांगते, आमच्या गावात इतकी वेळेवर दुसरी कुठलीच गोष्ट झाली नाही. आईनंही वर्गणी दिली, कारण एकटीनं रांग होत नाही. पण खांड पडली की ती बांधावर जायचीच. ठेक्याची माणसं आपलं काम करायची आणि उघाडीतलं म्हावरं मुकादमाच्या पोत्यात जायचं. ओळीनं वाटे घालणं कधी बंद झालं, ते कुणी ठरवलं नाही. कारभारी म्हातारे झाले होते, ते बांधावर नुसते बसून असायचे.

वाटे गेल्याचं आई कधीमधी बोलून दाखवायची. मी नोकरीला लागले होते, रोह्याच्या शाळेत, वडिलांच्या खोलीपासून जवळच बिऱ्हाड केलं होतं. मी तिला म्हणायचे, "आई, आता तरी सुखानं बस. फ्रीज घेऊ या." ती म्हणायची, "घ्या. मी कुठं नको म्हनते?" फ्रीज आला. त्यात ती पाणी आणि लिंबं ठेवायची.

मग वडिलांच्या रिटायरमेंटच्या जरा आधीचा तो पावसाळा. मी शनिवारची शाळा करून गावी आले होते. रविवारी सकाळी उधाणानं बांध फोडला, आणि खांड मोठी होती. मुकादमाला निरोप गेला. मुकादमाचा उलट निरोप आला, की माणसं नाहीत. डोंगराकडचे गडीही आता कंपनीत ठेकेदाराकडे लागले होते. बरोबरच आहे, त्यांनी काय जन्मभर आमचा चिखल उपसायचा? वर्गणी तयार होती, मोजून ठेवलेली, आणि घ्यायला माणूस नव्हता.

आई उठली. मला म्हणाली, "चल." मी साडी खोचली. बांधावर बघतो तर कारभारी, त्यांची सून, उतारावरची म्हातारी, असेच आम्ही हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. ज्यांचे पुरुष सुट्टीवर घरी होते, तेही आले नाहीत. एक जण दारातून म्हणाला, "काकू, माझी वर्गणी मी दिलीय हां." तो खोटं बोलत नव्हता.

आम्ही ओहोटीभर राबलो. रांग कसली, दोघींच्या मधे इतकं अंतर, की गोळा हातात न देता फेकावा लागायचा. तरी खांड बुजली. बुजली म्हणजे कशीबशी थोपवली. बघूनच कळत होतं, की रात्रीच्या भरतीला टिकायची नाही. कारभाऱ्यांनी उघाडी उघडली, जाळं लावलं. म्हावरं मात्र त्या दिवशी असं आलं, की काय सांगू. जाळं ओढवेना.

आणि त्या म्हाताऱ्यानं काय करावं? खाली बसून सवयीनं वाटे घालायला घेतले. आम्हा आलेल्यांचेच नाही, पूर्वीसारखे सगळ्या घरांचे. ओळ पार उघाडीपासून वळणापर्यंत गेली. मग उभे राहून हाका द्यायला लागले. "वडाखालचं घर!" कुणी नाही. "उतारावरचं घर!" म्हातारी म्हणाली, हाय. "तळ्यावरचं घर!" कुणी नाही. "देवळामागचं घर!" कुणी नाही. ते थांबत होते, वाट बघत होते आणि मग पुढचं घर घेत होते. मला हे बघवेना. मी म्हणाले, "मामा, पुरे करा आता." त्यांनी ऐकलं नाही.

"विहिरीजवळचं घर!"

आई म्हणाली, "हाय."

ओळ संपली. उचललेले वाटे मोजके आणि बाकी सगळे तसेच. घारी खाली यायला लागल्या. कारभारी म्हणाले, "बाय गो, ने सगळं. सडून जाईल." आईनं टोपली भरली, मग घरून दुसरी आणली, मग माझा पदर. येताना घराघरात विचारलं. एकीनं म्हटलं, "कशाला गो काकी तरास, आमी पेनवरनं आनलाय कालच." दुसरीच्या घरी रविवारचा उपास होता. तिसरीनं आपलं भीडेखातर दोन बोईट घेतले.

रात्री बांध पुन्हा फुटला. तो मग कुणी बांधला नाही. शेतात खाडी आली ती आलीच, आता तिथे माणसाच्या डोक्यावरून कांदळाची झाडी उगवलीय. कुणी उपाशी राहिलं नाही, हेही लिहायला हवं. भात सगळ्यांकडे विकतचा होताच.

मी सोमवारची रजा टाकून आईबरोबर म्हावरं साफ करत बसले. पावसानं उघडीप दिली होती, म्हणून मीठ लावून सुकवायला टाकलं. अंगण भरलं, पडवी भरली, विहिरीचा कठडासुद्धा सोडला नाही. दुपारी वडील आले. बांध गेल्याचं त्यांना स्टँडवरच कळलं होतं, त्या पट्ट्यात त्यांच्या बापजाद्यांची शेती गेली होती, पण तो माणूस असा, की वाईट वाटलं की थट्टा करणार. अंगणात पाऊल ठेवायला जागा नव्हती. चपला हातात घेऊन ते तिथेच उभे राहिले आणि म्हणाले, "वा. शेवटी वाटा मिळाला वाटतं?"

आईनं मान वर केली नाही. हातातला बोईट उलटा करून उन्हात ठेवला.

"मिळाला," ती म्हणाली. "सगळ्यांचा."